मधला आटा

दुकानाच्या पाटीवर वरच्या ओळीत बाबांचं नाव होतं आणि खालच्या ओळीत 'आणि मुलगे'. नाव उन्हानं पुसत आलं होतं, मुलगे मात्र अजून ठळक होते. मुलगे दोन. थोरला एक्केचाळीस वर्षांपूर्वी एक लांबोडकी पेटी काखेत मारून दुकानाबाहेर पडला आणि एका हॉटेलच्या वाद्यवृंदात गिटार वाजवू लागला. धाकटा शिवणयंत्रं दुरुस्त करत थांबला. तेव्हापासून बाजारात सगळे त्याला 'धाकटे' म्हणत. केस पांढरे झाले, गुडघे कुरकुरायला लागले, एकसष्टी उलटली, तरी धाकटे ते धाकटेच. पाटीवरच्या 'मुलगे'चं 'मुलगा' काही झालं नाही. बाबा होतेच चिक्कू. एका शब्दासाठी रंगाऱ्याला कशाला बोलवा, असा त्यांचा हिशेब असणार, असं धाकटे धरून चालले होते.

चार महिन्यांपूर्वी दादा गेला. छातीत पाणी झालं, तीन आठवडे हॉस्पिटल, आणि संपलं. धाकटे सगळीकडे वेळेवर हजर होते. फॉर्म भरले, गाडी सांगितली, आलेल्यांना खुर्च्या दिल्या. दादाला शेवटचं बघताना त्यांच्या मनात आलं, की दुकानाचं शटर आपण खाली ओढलं खरं, पण कुलूप घातलं का? घातलं होतं. नंतर रडू येईल असं त्यांना वाटलं, ते आलं नाही. झोपेत हात अंगाखाली येऊन बधिर होतो, आपलाच असून दुसऱ्याचा वाटतो, तसे ते सगळेच्या सगळे झाले होते. जेवत होते, झोपत होते, मशिनींना तेल घालत होते. बायकोनं एकदा विचारलं, "अहो, तुम्हाला काही होतंय का?"

"काहीच होत नाहीये," धाकटे म्हणाले. "तेच तर."

सख्ख्या भावासाठी डोळ्यांत टिपूस नाही, हे बरं नव्हे, एवढं त्यांना कळत होतं. त्याची त्यांना थोडी भीतीही वाटत होती. पण ती भीतीसुद्धा भिंतीपलीकडून ऐकू यावी तशी, दबलेली.

दोघा भावांत प्रेम उतू जात होतं अशातला भाग नाही. दादानं घर सोडलं तेव्हा धाकटे ड्राफ्ट्समनच्या कोर्सच्या दुसऱ्या वर्षाला होते. बाबांना डोळ्यांनी कमी दिसायला लागलं होतं, दुकानात माणूस नव्हता. धाकट्यांनी कोर्स सोडला आणि बाबांच्या शेजारच्या स्टुलावर बसले. बस असं कुणी म्हणालं नव्हतं. पण बसल्यावर ऊठ असंही कुणी म्हणालं नाही.

बाबा दादाचं नाव काढत नसत. मात्र दोनेक वर्षांनी जेवताना त्यांना एक वाक्य सुचलं आणि मग ते पुन्हा पुन्हा सुचू लागलं : "दोन पायांनी पायडल मारायचं, दोन हातांनी तारा ओढायच्या, आणि दिवसाअखेर एक रुमाल शिवून होत नाही. असलं मशीन मी जन्मात पाहिलं नाही." धाकट्यांनी ते वाक्य जपून ठेवलं. बाबांचा सगळा राग त्यात होता, असं त्यांचं मत. दादानं घर सोडल्यावर आठ वर्षांनी बाबा वारले. त्या आठवड्यात दादा घरी आला, तेव्हा धाकट्यांनी ते वाक्य शब्दाला शब्द त्याला तोंडावर ऐकवलं. म्हणाले, "शेवटपर्यंत हेच म्हणत होते तुझ्याबद्दल."

आणि दादा हसला. मोठ्यानं नाही, ओठाच्या कोपऱ्यात. पण हसला. बापाला जाऊन पाच दिवस होत नाहीत आणि हा त्याच्या शब्दांना हसतो. त्या हसण्यानंतर तेहतीस वर्षं धाकटे दादाशी 'कसा आहेस, बरा आहे' याच्या पलीकडे बोलले नाहीत. दादाचं लग्न झालं, तिथे जेवून आले. त्याचं वाजवणं ऐकायला एकदाही गेले नाहीत. दादानं दोनदा बोलावलं, तिसऱ्यांदा बोलावलं नाही. तेही शहाणपणाचंच झालं.

असं सगळं असताना एका दुपारी वहिनींचा फोन आला, की भावोजी, जरा येऊन जाल का.

वहिनींच्या दोन खोल्या शहराच्या दुसऱ्या टोकाला, दुसऱ्या मजल्यावर. महिनाअखेरीला त्या सोडून त्या बहिणीकडे राहायला जाणार होत्या. भिंतीला टेकवून खोकी लावली होती, कपबशा वर्तमानपत्रात गेल्या होत्या. खिडकीपाशी मात्र एका चादरीखाली काहीतरी उभं होतं.

"तुम्ही मशीनवाले, म्हणून तुम्हाला बोलावलं," वहिनी म्हणाल्या आणि त्यांनी चादर काढली.

एक्केचाळीस वर्षांपूर्वी धाकट्यांनी फक्त पेटी पाहिली होती; आतली गिटार आज पहिल्यांदा पाहिली. गिटार म्हणजे मांडीवर घ्यायची नव्हे. चार पायांवर उभं एक अरुंद टेबल, त्याच्या पाठीवर दहा तारा, खाली जमिनीलगत तीन पायडलं. एका हातानं तारा छेडायच्या, दुसऱ्या हातानं त्यांच्यावर पोलादी कांडी सरकवायची. पायडल दाबलं, की खालच्या सळया ओढल्या जातात, त्या वरची एखाददुसरी तार ताणतात आणि वाजता वाजता सूर वर सरकतो.

"परवा एक डेकोरेटर येऊन गेला," वहिनी सांगत होत्या. "कुठल्याशा नव्या हॉटेलात भिंतीवर टांगायचीय म्हणे. तारा काढून, मागे दिवे लावून. मी म्हटलं, बघू. यांच्याकडे सहा वर्षं शिकायला येत होती ती नर्सबाई, तिला द्यायची हे ठरवून गेलेत. पण ती म्हणते, वाजत असेल तर डोक्यावर घेऊन जाते. बंद पडलेली नेऊन मी काय करू, मला त्यातलं काय कळतंय? आवाज येत नाही, आणि मधलं पायडल वर्षभर लुळं पडलंय. यांच्याच पायात जोर राहिला नव्हता, मग यांनीही सोडून दिलं."

"महिनाअखेर म्हणजे किती दिवस?"

"सव्वीस. तोवर वाजली तर नर्सबाईची, नाहीतर भिंतीची."

"कंपनी कुठली?"

"ते देवाला माहीत. नाव नाही, शिक्का नाही. यांना विचारलं की दर खेपेला नवी गोष्ट. हॉटेलात सांगायचे, जहाजावरचा वादक विसरून गेला. शिष्यांना सांगायचे, पैजेत जिंकली. आणि मी विचारलं की म्हणायचे, माझ्या माहेरहून आलीय." वहिनींनी चादरीची घडी घातली. "पुरुषाला कसलं आलंय माहेर? यांचं सगळंच असं."

धाकटे खाली जमिनीवर पाठीवर आडवे झाले आणि गिटारच्या पोटाखाली सरकले. वरून ते वाद्य होतं, खालून चक्क मशीन. सळया, स्प्रिंगा, आडवे दांडे, पितळी ठोकळे, सगळ्यावर जुन्या तेलाचा काळा साका. आवडलं की नाही ते त्यांना कळलं नाही, ओळखीचं वाटलं एवढंच. तिथे पडल्या पडल्या त्यांनी ठरवलं, की ही दुरुस्त करायची. नर्सबाईसाठी म्हणा, वहिनींसाठी म्हणा. पण खरं कारण वेगळं होतं. ज्याच्यासाठी दादानं घर सोडलं, ते एकदा कानानं ऐकावं. ते ऐकूनही आत काही हाललं नाही, तर मग आपण गेलेलोच, असं समजावं.

गिटार टेम्पोतून दुकानात आली. पहिले दहा दिवस सोपे गेले. तारा पिळायच्या खुंट्यांची बटणं जुन्या प्लास्टिकची होती, बोट लावलं की भुगा. दुकानाच्या वरच्या मजल्यावर दातांच्या कवळ्या करणारा बसतो, त्यानं आपल्या मसाल्यातून दहाच्या दहा नवी ओतून दिली. आकार झकास, रंग गुलाबी. वहिनी बघायला आल्या होत्या, त्या म्हणाल्या, "भावोजी, हिच्या हिरड्या दिसतायत." विनोद चांगला होता हे धाकट्यांच्या लक्षात आलं. हसू आलं नाही.

तारांखालचं आवाज उचलणारं गुंडाळं आतून तुटलं होतं. केसाहून बारीक तार, हजारो वेढे. धाकट्यांनी विजेच्या एका जुन्या रिलेमधून तशी तार मिळवली आणि बॉबिन भरायच्या यंत्रावर गुंडाळायला घेतली. दोनदा तुटली, दोनदा पहिल्यापासून. तिसऱ्यांदा पुरी झाली तेव्हा स्पीकरमधून बारीकसा घुं असा आवाज आला. स्प्रिंगा दुकानातच निघाल्या. कुणाला वाटेल, माणूस रमला. रमला वगैरे काही नाही. हात चालत होते, कारण हातांना दुसरं काही येत नव्हतं.

उरला एक स्क्रू.

मधल्या पायडलाची सळई ज्या पितळी ठोकळ्याला अडकते, तिथला खांद्याचा, म्हणजे डोक्याखाली गुळगुळीत जाड भाग असलेला, स्क्रू पडून हरवला होता. वहिनींकडे कपाटाखाली, गालिच्याखाली, झाडूच्या कोपऱ्यात, सगळीकडे शोधून झालं. नवा करायचा तर माप हवं. धाकट्यांनी काडी तासून भोकात दाबून फिरवली आणि बाहेर काढून तिच्यावर उठलेले आटे मापाच्या गेजच्या दातेरी पानांशी लावून बघितले. एक पान सैल, पुढचं पान घट्ट. मधे पानच नाही. भोक वाढवून दुसऱ्या मापाचे आटे पाडावेत, तर कडेला पितळ उरलेलं गव्हाच्या दाण्याएवढं. ठोकळा दुभंगला असता. बाकीच्या दोन पायडलांचे स्क्रू जागेवर होते, वर काळा साका धरून. त्यातला एक काढून बघता आला असता. पण बाबांचा दुकानातला पहिला नियम : चालतंय त्याला हात लावायचा नाही. धाकट्यांनी एक्केचाळीस वर्षांत तो मोडला नव्हता.

म्हणजे गिटार कुठली, हे शोधणं आलं. ती जिथली, तिथला आटा. शाळेच्या ऑफिसात काम केलेली बायको पत्रं लिहिण्यात वाकबगार. तिनं फोनवरून फोटो काढले आणि परदेशातल्या तीनचार संग्राहकांना पाठवले. एका दुकानदारानं कुरिअरनं सहा स्क्रू पाठवले, सहाही बसेनात. घड्याळजी, टाइपरायटरवाला, कॅमेरे उघडणारा म्हातारा, सगळ्यांच्या डब्या पालथ्या घालून झाल्या.

"एका आट्यासाठी केवढा आटापिटा," बायको म्हणाली.

सव्वीसातले सात दिवस राहिले, तेव्हा एक उत्तर आलं. लिहिणारा निवृत्त पोस्टमन होता. असल्या जुन्या गिटारींची तो वही ठेवायचा; कुठली कुठे आहे, कुणाकडे आहे. सवयीमुळे असेल, पण पत्र पोचवल्यासारखं त्यानं सगळं नेमकं पोचवलं होतं. दुकानात स्टुलावर बसून बायकोनं ते फोनवर वाचून, समजेल तसं मराठीत सांगितलं.

"म्हणतोय, लाकूडकाम आमच्याकडच्या एका छोट्या कारखान्याचं. नऊ वर्षं चालला आणि बंद पडला. आवाजाच्या बटणाखालचा आकडा आपण पाठवला होता ना, त्यावरून साल काय, आठवडासुद्धा काढलाय त्यानं." ती वाचत गेली. "पण म्हणतो, त्या कारखान्यानं पायडलवाली गिटार एकसुद्धा केली नाही. पायडलांसाठीची भोकं जुन्या पॉलिशवरून पाडलेली दिसतात, म्हणजे ती नंतर लावलीत. बहुतेक तुमच्याच बाजूला. ज्यानं लावली तो वाद्यं करणारा नाही, वाद्यवाला इतकं दणकट करत नाही. सळयांची टोकं शिवणयंत्राच्या दांड्यासारखी आहेत. आटा आमच्या मापात नाही, तुमच्या मापात नाही; म्हणजे भोकात आटे पाडायचा टॅप त्यानं स्वतः घासून केलेला. मला विचारण्यापेक्षा त्याला शोधा. आणि उरलेल्या स्क्रूंची डोकी पुसून फोटो पाठवा. स्क्रू कुणी केला ते डोक्यावरून ओळखता येतं." बायकोनं चष्मा काढला. "आता असा माणूस आपल्याकडे कोण? तुमच्याच धंद्यातला दिसतोय. तुम्हाला ठाऊक असायला पाहिजे."

फडकं रॉकेलमध्ये बुडवून धाकटे गिटारखाली आडवे झाले आणि पहिल्या पायडलाच्या स्क्रूवरचा साका पुसला. पितळ उघडं पडलं. पेचकस बसायची खाच डाव्या अंगाला खोल गेली होती, उजव्या अंगाला उथळ.

बाबा डावखुरे होते. करवतीनं खाच पाडताना त्यांचा हात नेहमी डावीकडे कलायचा. धाकट्यांनी आठ वर्षं त्यांच्या शेजारी बसून त्या खाचा पाहिल्या होत्या, त्यांच्यात पेचकस घालून बोटं सोलून घेतली होती. त्यांनी दुसऱ्या पायडलाचा स्क्रू पुसला. डावीकडे खोल.

ते बाहेर आले, उठले, आणि सगळ्यात खालचा खण ओढला. मेणकापडात गुंडाळलेला मधला टॅप तिथेच होता, शेजारी स्क्रूवर तेच आटे पाडायची त्याची डाय. जुन्या मशिनीचं भोक झिजलं की पुढचं माप मोठं होतं आणि ओतीव बीड तडकतं. म्हणून बाबांनी दोन मापांच्या मधला एक टॅप स्वतः घासून केला होता. दुकानात त्याला 'मधला आटा' म्हणत. जगात दुसऱ्या कुणाकडे नसलेला. एकदा बाबांनी दुरुस्त केलेलं मशीन दुसऱ्या कुणाला उघडता यायचं नाही, गिऱ्हाईक जन्माचं बांधलं जायचं; बाजारातले बाकीचे मेकॅनिक त्यावरून त्यांचा उद्धार करायचे. जुनी मशीनं संपली, गेली पंधरा वर्षं टॅप खणातच होता. शिवणयंत्राच्या भोकात काडी घातली असती, तर धाकट्यांनी झोपेतसुद्धा सांगितलं असतं, की हा मधला. पण हे पडलं दादाचं वाद्य. तिथे बाबांचा हात असेल, हे त्यांच्या स्वप्नातही आलं नसतं.

त्यांनी टॅप मधल्या पायडलाच्या रिकाम्या भोकाला लावून दोन बोटांनी फिरवला. तो गेला.

"काखेत कळसा आणि गावाला..." असं म्हणता म्हणता बायकोनं त्यांच्या तोंडाकडे बघितलं आणि वळसा गिळून टाकला.

त्या संध्याकाळी धाकटे वहिनींकडे गेले आणि दादाचे जुने फोटो मागितले. खोकं बांधून झालं होतं, वहिनींनी ते सोडलं. हॉटेलातल्या पहिल्या वर्षाचा एक फोटो निघाला, मागे तारीख लिहिलेली. दादा चोवीस वर्षांचा, केसांना पाणी लावलेलं, समोर तीच गिटार. खाली पायडलं नव्हती. त्याचे दोन्ही पाय जमिनीवर सपाट होते.

धाकटे त्या पायांकडे बराच वेळ बघत बसले. दादा घरातून निघाला तेव्हा पायडलं नव्हती. आणि बाबा तर म्हणायचे, दोन पायांनी पायडल मारायचं. बाबांनी ती पाहिली कधी? घरातून गेल्यावर दादा त्यांच्या हयातीत उंबऱ्यात आला नव्हता. म्हणजे बाबा गेले होते. गुरुवारी दुपारी ते सुया आणि तेल आणायला म्हणून बाहेर पडत आणि दिवेलागणीला परत येत. दोन डझन सुयांना एवढा वेळ कसा लागतो, हे धाकट्यांनी कधी विचारलं नाही, कारण गुरुवारी दुकानात त्यांना एकट्याला हुकूम चालवता यायचा. असलं मशीन मी जन्मात पाहिलं नाही, हे बाबा जेवताना म्हणायचे. पाहिलं नव्हतंच. केलं होतं. आता आठवलं तर त्या वाक्यात राग कुठे सापडेना. कारागीर स्वतःच्या कामाची थट्टा करतो, तसा तो सूर होता. दादाचं नाव घेऊन सांगता येत नाही, म्हणून असं सांगितलेलं.

आणि दादा हसला होता. बाबांच्या शब्दांना नव्हे. ते शब्द त्यानंही ऐकले असणार, गुरुवारी, ह्या गिटारखाली पडलेल्या बाबांच्या तोंडून. धाकट्यांनी ते शिवीसारखे त्याच्या अंगावर फेकले आणि तो ओळख पटल्यासारखा हसला.

मला का सांगितलं नाही, असं धाकट्यांनी स्वतःला विचारलं. आणि उत्तरासाठी फार लांब जावं लागलं नाही. सांगितलं असतं, तर त्यांनी विचारलं असतं, मग मी कशाला थांबलो? याचं उत्तर बाबांकडे नव्हतं. दादाकडेही नव्हतं. दोघांनी मिळून धाकट्याला जपलं होतं. पहिल्या तीन वर्षांतच बापलेकाचं भांडण मिटलं होतं. ते पुढे चालू राहिलं फक्त एका माणसाकडे, आणि त्यानं ते बाबांच्या नावानं, बाबा नसतानाही, चोख चालवलं होतं.

हे सगळं त्यांना कळलं, स्वच्छ कळलं. वाटलं मात्र काही नाही. "चहा टाकू?" असं वहिनींनी विचारलं, तर ते नको म्हणाले, बसला गर्दी होईल.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी पितळी कांब छोट्या लेथला लावली, खांदा उतरवला, बाबांच्या डायनं आटे पाडले. तिसऱ्या प्रयत्नाला स्क्रू मनासारखा झाला. खाच त्यांनी करवतीनं हातानंच पाडली. धाकटे उजव्या हाताचे, म्हणून ती उजवीकडे खोल गेली. बसवल्यावर तिन्ही स्क्रू एका ओळीत दिसले, दोन डावरे आणि एक उजवा. पोस्टमनला बायकोनं तसा फोटो पाठवला, आणि खाली काय लिहू म्हणून विचारलं. धाकटे म्हणाले, लिही, माणूस सापडला.

रविवारी सकाळी गिटार पुन्हा वहिनींच्या खोलीत, खिडकीपाशी उभी राहिली. आता खोली रिकामी होती, चार खोकी आणि एक खुर्ची उरली होती. नर्सबाई रात्रपाळी संपवून थेट आल्या होत्या, चाळिशीच्या, डोळे जडावलेले. हात धुऊन त्यांनी बोटांना नख्या चढवल्या, पोलादी कांडी घेतली आणि गुलाबी बटणांकडे एकदा बघून तारा लावल्या. मग वाजवायला सुरुवात केली.

धाकटे दाराजवळच्या खोक्यावर बसले होते. आवाज त्यांना वाटला होता तसा नव्हता. त्यांना हॉटेलचा काहीतरी झगमगाट अपेक्षित होता. हा तर लांबट, हळू, एकट्या माणसाचा आवाज होता. नर्सबाईंनी मधलं पायडल दाबलं. एक सूर जागचा उठला आणि दुसऱ्याशेजारी जाऊन टेकला. वहिनींनी पदर तोंडाला लावला. धाकट्यांनी वाट पाहिली. काही आलं नाही. म्हणजे आपण गेलेलोच, असं त्यांच्या मनात आलं, आणि तेही त्यांना फारसं वाईट वाटलं नाही.

वाजवणं थांबवून नर्सबाईंनी वाकून खाली पाहिलं. बाई व्यवहारी होत्या.

"छान झालंय, काका. फक्त एक सांगा, ही पायडलं कुठली आहेत? उद्या काही बिघडलं, तर विचारायचं कुठे?"

"आमच्या दुकानात," असं धाकटे म्हणणार होते. पत्ता सांगणार होते, पाटीची खूण सांगणार होते. पाटी डोळ्यांसमोर आली. वरची ओळ पुसलेली, खालची तशीच. एका शब्दासाठी रंगाऱ्याला कशाला बोलवा.

"माहेरची," ते म्हणाले.

नर्सबाईंना काही कळलं नाही. वहिनींचा पदर तोंडावरून खाली आला.

"काय म्हणालात, भावोजी?"

"दादाच्या माहेरची आहेत. खरं सांगत होता तो." पुढे 'बाबांनी' एवढं त्यांच्या तोंडून निघालं आणि तिथेच अडकलं. त्यांनी दुसऱ्यांदा प्रयत्न केला, पुन्हा 'बाबांनी'. मग त्यांचा चेहरा विस्कटला. एकसष्ट वर्षांचा माणूस, एका अनोळखी बाईसमोर, खोक्यावर बसून ओक्साबोक्शी रडू लागला. चार महिन्यांचं, तेहतीस वर्षांचं, सगळं एकदमच आलं. त्यांना तोंड झाकायचंही सुचलं नाही.

नर्सबाई अर्धवट उठल्या. वहिनींनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवून त्यांना खाली बसवलं.

"तू वाजव," वहिनी म्हणाल्या. "भावोजींनी आजवर ऐकलेलं नाही."